ट्रेमोलो ब्रिज बदलणे (इलेक्ट्रिक गिटार)

ट्रेमोलो ब्रिज बदलणे : इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ज्यावर टेकतात तो हलता ब्रिज काढून त्या जागी दुसरा बसवण्याचे काम. ब्रिजला लावलेला दांडा दाबला की तारा सैल पडून सूर उतरतो. दांडा सोडला की गिटारच्या पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ब्रिजला ओढून जागेवर आणतात. ब्रिज दर वेळी नेमका त्याच जागी परतला नाही की गिटार बेसूर होते. ब्रिज बदलायची वेळ बहुतेकदा याच कारणाने येते.

ही रचना लिओ फेंडर यांच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारबरोबर १९५४ साली बाजारात आली. त्यात सहा स्क्रूंवर टेकलेली पत्र्याची पाटी, तिच्याखाली धातूचा जड ब्लॉक, ब्लॉकमधून वर येणाऱ्या तारा आणि मागे जास्तीत जास्त पाच स्प्रिंगा असतात. पुढे सहा स्क्रूंऐवजी दोन खुंट्यांवर तोललेले ब्रिज आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉइड रोझ यांनी दोन्ही टोकांना तारा जखडून टाकणारा ब्रिज तयार केला. तो साध्या गिटारला लावायचा तर राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, लाकूड कोरावे लागते आणि मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, म्हणजे नटही बदलावा लागतो. तेवढ्या खर्चात असा ब्रिज असलेली जुनी गिटार मिळत असेल तर तीच घेणे बरे.

खानदेशात इलेक्ट्रिक गिटार वाजते ती मुख्यतः ऑर्केस्ट्रात, जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयीन मुलांच्या बँडमध्ये, नवापूरकडच्या चर्चमधल्या उपासनेत आणि त्याच पट्ट्यात लग्नांना जाणाऱ्या आदिवासी बँडमध्ये. यातल्या बऱ्याच गिटारी स्वस्तातल्या किंवा दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतात. अशा गिटारींवर ब्रिजचा ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि पाटीची धार मऊ असते. दांडा वर्षानुवर्षे वापरून ती धार स्क्रूशी घासत खचते, मग ब्रिज परतताना दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो. घामाने सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार ज्या सुट्या तुकड्यावर टेकते त्याचे, बारीक स्क्रू गंजून धरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मांडवात दोन तास वाजवले की मनगटाखालचा ब्रिज ओलाच असतो. तो पुसून ठेवायची सवय असेल तर ब्रिज कितीतरी जास्त टिकतो.

बदलण्याआधीचे खरे काम म्हणजे मापे घेणे. ब्रिज चुकतो तो कंपनीमुळे कमी आणि मापामुळे जास्त. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या भोकाच्या मध्यांतले अंतर पाहतात. जुन्या फेंडर धाटणीत ते सुमारे ५६ मि.मी. असते, आशियात बनलेल्या कित्येक गिटारींत ५२.५ मि.मी., तर काहींत ५४ मि.मी. डोळ्यांनी हा फरक कळत नाही आणि साध्या पट्टीने फसगत होते. लेथवाल्याकडे व्हर्निअर कॅलिपर असतोच, त्याच्याकडून मोजून घ्यावे. दोन खुंट्यांच्या ब्रिजमध्ये खुंट्यांतले अंतर बहुधा ५६ किंवा ७४ मि.मी. असते. दुसरे माप ब्लॉकच्या खोलीचे. पूर्ण जाडीच्या, म्हणजे सुमारे ४५ मि.मी. जाड गिटारला ४२ मि.मी.च्या आसपासचा ब्लॉक चालतो. पातळ गिटारला तोच लावला तर पाठीमागून बाहेर डोकावतो आणि मागचे झाकण बसत नाही. तिसरी गोष्ट दांड्याच्या आट्यांची : इंची आट्यांचा दांडा मिलिमीटरच्या भोकात जबरदस्तीने फिरवला तर दोन्हींचे आटे जातात. नवा ब्रिज त्याच्याच दांड्यासकट घ्यावा. आपल्याकडे असे सुटे भाग दुकानात पडून नसतात. मुंबई, पुणे, सुरत किंवा इंदूरहून मागवावे लागतात नाहीतर ऑनलाइन. चुकीचे माप परत पाठवण्यात लग्नसराई निघून जाते.

काढताना आधी सहाही तारा थोड्या थोड्या करत सैल कराव्यात. एकदम कापल्या तर स्प्रिंगा ब्रिजला झटका देऊन मागे ओढतात. मग पाठीमागचे झाकण उघडून स्प्रिंगा पक्कडीने सोडवायच्या. त्या सुटताना उसळतात, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा.

भोकांची जागा जुळत नसेल तर जुनी भोके बुजवून नवी पाडावी लागतात. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल ही युक्ती झाकणाच्या स्क्रूला चालते, ब्रिजच्या स्क्रूला नाही. कारण नऊच्या तारांचा संच, म्हणजे ज्यात सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असते, नेहमीच्या सुरात लावला तर सहा तारांची मिळून ओढ सुमारे ३८ किलो भरते. दहाच्या संचाची ४६ किलोच्या आसपास जाते. हा सगळा भार ते स्क्रू आणि स्प्रिंगा मिळून पेलतात. भोक गोल मोठे करून त्यात टणक लाकडाची खुंटी सरसाने बसवावी आणि पूर्ण वाळल्यावरच नवे भोक पाडावे. सुतार हाताशी असलेला साग पुढे करील, पण साग तेलकट असल्याने त्याला सरस नीट धरत नाही. वापरायचाच तर खुंटी पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसून घ्यावी. नव्या भोकांची जागा स्केलवरून, म्हणजे नट ते सॅडल या तारेच्या वाजत्या लांबीवरून ठरते. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर दुप्पट केले की स्केल मिळते. स्ट्रॅटोकॅस्टर धाटणीत ती ६४८ मि.मी. असते. बारीक तारेचे सॅडल नटपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आणि जाड तारांची काही मि.मी. मागे येतील एवढी जागा सुटली पाहिजे.

पाठीमागे स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकतात तिला एक काळी किंवा उघडी तार कथिलाने जोडलेली असते. ही अर्थची तार. ती तुटली की अँपमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, गुणगुण येते आणि तारांना हात लावला तरी थांबत नाही. पट्टी जाड लोखंडाची असल्याने मोबाइल दुरुस्तीच्या बारीक सोल्डरिंग आयर्नने ती तापतच नाही. वरवर चिकटलेले कथील दुसऱ्या दिवशी सुटते. जुना रेडिओ-टीव्हीवाला ६० वॉटचे आयर्न बाळगून असतो, त्याच्याकडे जावे. पट्टी आधी कानशीने घासून चकचकीत करावी, तापू द्यावी आणि मग कथील लावावे. याच तारेमुळे वाजवणाऱ्याचे हात अँपच्या अर्थशी जोडलेले असतात. मांडवात जनरेटरवर, दोन पिनांच्या जोडणीवर अँप चालू असेल आणि माइकला ओठ लागले तर शॉक बसू शकतो. काही जण त्यावर उपाय म्हणून ही तारच कापतात. तसे कधीही करू नये. दोष अँप आणि साउंडच्या वायरिंगमधला आहे. तीन पिनांची, खरी अर्थ असलेली जोडणी साउंडवाल्याकडून आग्रहाने करून घ्यावी.

सहा स्क्रूंचा ब्रिज बसवताना सगळे स्क्रू कचकचून आवळले तर तो हलणारच नाही. कडेचे दोन पाटीला जेमतेम टेकतील एवढे ठेवून मधले चार थोडे सैल सोडतात. मग तारा चढवून सुरात लावायच्या. आता ब्रिज मागून वर उचलला जातो. पट्टीचे दोन लांब स्क्रू आवळून तो खाली आणायचा. तारांचा सूर चढतो, तो पुन्हा उतरवायचा. पाटीखाली दोन-तीन मि.मी. फट राहून सूर स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवावे लागते. या टप्प्यावर घाई करणाऱ्यालाच नवा ब्रिज वाईट वाटतो. शेवटी बाराव्या पडद्यावरची दाबलेली तार आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला सूर) यांचा सूर एक येईपर्यंत सॅडल मागेपुढे करतात.

असा पाटीखाली फट ठेवलेला, तरंगता ब्रिज मात्र लग्नात वाजवणाऱ्याला सोयीचा नाही. एक तार तुटली की ताणाचा तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो. नवरदेव दारात असताना ट्यूनर काढायला सवड कुठली? अशांनी स्प्रिंगा वाढवून किंवा पट्टी आवळून ब्रिज लाकडावर टेकवून ठेवावा. दांड्याने सूर खाली जाईल, वर जाणार नाही, पण तार तुटली तरी गाणे पुरे होईल. उन्हात ठेवलेल्या गिटारच्या तारा प्रसरण पावून त्यांचा सूर उतरतो, ते मात्र कोणत्याच ब्रिजने टळत नाही.

जिथे धातू धातूवर घासतो तिथे तेल घालण्याचा मोह होतो. कपाशीच्या मुलखात, विशेषतः जिनिंगच्या आसपास, तेलावर कापसाचे तंतू बसतात आणि त्यांचा चिकट लगदा होतो. त्याऐवजी नटच्या खाचांत आणि पाटीच्या धारेखाली शिसपेन्सिलीचे ग्राफाइट घासावे; ते कोरडेच काम करते. काढलेला जुना ब्रिज भंगारात घालू नये, त्याच्या स्प्रिंगा, सॅडल आणि उंचीचे बारीक स्क्रू पुढच्या दुरुस्तीला लागतात.