वाडा पाडा, पण जागा विकू नका
(पुण्याच्या पेठांतील वाडामालकांसाठी माहितीपत्रक)

दगडी जोतं अजून शाबूत आहे, पण माडी खचली आहे, कौलं गळतात आणि पावसाळा जवळ आला की धोकादायक इमारतीची नोटीस येते. तुमच्या वाड्याची अशी अवस्था असेल तर दोनतीन बिल्डर एव्हाना येऊन गेले असतील. ते फ्लॅट बांधून विकतात आणि तुम्हाला ठरलेले स्क्वेअर फूट देतात. ज्या घरात पैशांची तातडीची निकड आहे किंवा वारस परदेशी स्थायिक आहेत, तिथे हा व्यवहार सोयीचा असतो. पण एकदा तो झाला की पेठेतली जागा घराण्यातून जाते आणि पुन्हा मिळत नाही. म्हणून ज्यांना थोडं थांबणं शक्य आहे, त्यांना आम्ही दुसरा मार्ग सुचवतो: तळमजल्यावर दुकानं, वरच्या मजल्यांवर भाड्याची छोटी घरं आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव तुमचंच.

पेठेत भाडेकरू शोधावे लागत नाहीत. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली सदाशिव आणि नारायण पेठेत वर्षानुवर्षं राहत आली आहेत. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत काम करणारे, दवाखान्यांतल्या परिचारिका, मुलं दूर गेलेले ज्येष्ठ हेही इथेच जागा शोधतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाली, त्यामुळे गाडी न बाळगता इथे राहणं आणखी सोपं झालं आहे. या सगळ्यांना आज बहुतेक ठिकाणी ‘कॉट बेसिस’वर एका खोलीत चारचार, पाचपाच जण कोंबलं जातं. आम्ही तसे हॉल बांधून देत नाही. खिडकी, ओटा आणि स्वतःचं न्हाणीघर असलेली लहान खोली बांधायला खर्च जास्त येतो, पण तिच्यातला माणूस वर्षानुवर्षं टिकतो.

आराखड्यात आम्ही एका गोष्टीवर अडून बसतो: राहणाऱ्यांचा जिना दुकानांपासून वेगळा हवा, तो थेट रस्त्यावर उघडायला हवा आणि तिथे रात्रभर दिवा हवा. रात्री अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलीला बंद शटरांच्या मागून वाट काढावी लागू नये. दुकानांचे वीजमीटर आणि पाण्याची टाकी सुरुवातीपासून वेगळी ठेवतो, कारण दुकानाला व्यापारी दर लागतो आणि घराला घरगुती. आमच्या एका जुन्या कामात तळमजल्याचा गाळा खाणावळीला दिला गेला आणि धुराडं गच्चीपर्यंत नेलेलं नव्हतं. फोडणीच्या वासाने पहिल्या मजल्यावरच्या खोल्या सहा महिने रिकाम्या राहिल्या. चूक आमची होती. तेव्हापासून खाणावळ येवो न येवो, धुराड्याची जागा नकाशात असतेच.

जुने भाडेकरू

बहुतेक वाड्यांत दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्यांना संरक्षण देतो, आणि ते त्यांच्या हक्काचं आहे असंच आम्ही मानतो. त्यांना डावलून काम सुरू करू पाहणारा मालक न्यायालयात वर्षं घालवतो. वाडा उभा असतानाच प्रत्येकाची खोली मालक आणि भाडेकरू दोघांसमोर मोजावी, फोटो काढावेत आणि करारात कोणाला कोणता मजला, किती जागा, बांधकामाच्या काळात राहण्याचं भाडं किती आणि किल्ली कधी हे लिहून नोंदवावं. कायदेशीर भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी जादा चटईक्षेत्राची (एफएसआयची, म्हणजे जागेवर जास्त बांधकाम करू देण्याची) तरतूद २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत आहे. म्हणजे त्यांना सामावून घेणं तुमच्याही फायद्याचं आहे.

जागेवरच्या अडचणी

शनिवारवाडा हे संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. तुमचा वाडा या टप्प्यात येत असेल तर नकाशावर पैसे घालण्याआधी अंतर मोजून घ्या. पहिल्या भेटीत आम्ही तेच करतो.

पेठेतले वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत. एक पाडताना सामाईक भिंतीला आधी टेकू द्यावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याचा वाडाही धोक्यात येतो. बोळात रेडी मिक्सची गाडी शिरत नाही, चौकात खणताना जुना आड लागतो आणि या सगळ्यात महिने जातात. अरुंद जागेत बाजूचं मोकळं अंतर सोडलं की फारसं काही उरत नाही. म्हणून शेजारचा मालक तयार असेल तर दोन मिळकतींचं एकत्रीकरण जरूर विचारात घ्या.

आणि सागवान! जुन्या खांबांना, तुळयांना आणि दारांना चांगली किंमत येते. वाडा पाडणाऱ्याशी करार करताना लाकूड कोणाचं हे लिहिलेलं नसेल तर ते त्याच्याच गाडीतून जातं. दिंडी दरवाजा मात्र विकू नका. तो नव्या इमारतीच्या जिन्याशी बसवता येतो.

पैशांचं गणित

फ्लॅट विकले तर बांधकामाचा खर्च गिऱ्हाइकांच्या हप्त्यांतून निघतो. भाड्याच्या इमारतीत तो आधी तुम्हाला उभा करावा लागतो: थोडा बचतीतून, थोडा दुकानांच्या डिपॉझिटमधून, उरलेला बँकेच्या कर्जातून. सुरुवातीच्या वर्षांत भाड्याचा मोठा भाग हप्त्यातच जाईल, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. आयकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तिला बिलं लागत नाहीत. दुकानभाडं धरून तुमची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली तर दुकानभाड्यावर १८ टक्के जीएसटी आकारावा लागतो.

प्रत्येक भाडेकरूशी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं, शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करार घरबसल्या ऑनलाइन होतो, त्यामुळे तोंडी बोलीवर खोली देऊ नका.

पहिल्या भेटीला मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, वारसनोंदी, भाडेपावत्या आणि मिळकतकराची शेवटची पावती आणा. शक्य असेल तर घरातल्या सगळ्या हिस्सेदारांनी सोबत यावं. कागदपत्रं पाहण्यासाठी आणि जागा मोजण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही.