अलेक्झांडर (व्यक्तिनाम)

यूरोपीय भाषांत सर्वत्र आढळणारे पुरुषवाचक नाव. मूळ ग्रीक रूप अलेक्सान्द्रॉस. ‘अलेक्सेइन’ (परतवून लावणे, रक्षण करणे) हे क्रियापद आणि ‘आनेर’, षष्ठीत ‘आन्द्रॉस’ (पुरुष), यांचा हा समास; अर्थ ‘मनुष्यांचा रक्षक’ किंवा ‘शत्रूला परतवणारा’. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा उल्लेख याच नावाने अधिक वेळा येतो. त्याने लुटारूंना हुसकावून कळप राखले म्हणून हे नाव पडले, ही कथा नंतरची असून ती नावावरूनच रचलेली दिसते.

व्युत्पत्तीचा खरा वाद हिटाइट (प्राचीन अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एक साम्राज्य) लेखांमुळे उभा राहिला. इ. स. पू. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिटाइट राजा दुसरा मुवातल्ली याने विलुसाच्या आलाक्सान्दू या राजाशी तह केला. विलुसा म्हणजेच इलिऑन (ट्रॉय), हे समीकरण आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. त्यावरून हे नाव मूळचे अनातोलियातील असावे आणि ग्रीकांनी त्याला आपल्या भाषेतला अर्थ मागाहून चिकटवला असावा, असे मत मांडले गेले. परंतु ग्रीसमधील मायसीनी येथील साधारण त्याच शतकातील लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीतल्या एका मृत्फलकावर ‘आ-रे-का-सा-दा-रा’, म्हणजे अलेक्सान्द्रा, हे स्त्रीनाम वाचले गेले आहे. ग्रीकमध्ये या घडणीची इतर नावेही विपुल आहेत. त्यामुळे नाव ग्रीकच असून ते विलुसाच्या राजघराण्यात संबंधांतून पोहोचले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय लेखांतील जुने रूप अशोकाच्या तेराव्या शिलालेखात मिळते. तेथील ‘अलिकसुदर’ हा राजा ग्रीसमधील एपायरसचा अलेक्झांडर की कॉरिंथचा, याविषयी मतभेद आहेत. कॉरिंथच्या अलेक्झांडरने राजपद धारण केले ते लेखाच्या अंदाजित काळाच्या (सु. इ. स. पू. २५६) नंतर दिसते, म्हणून एपायरसचा पक्ष बळकट ठरतो.

मॅसिडोनियाच्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या (अलेक्झांडर द ग्रेट) कीर्तीने नाव सर्वदूर गेले. इटालियन आलेस्सान्द्रो, स्पॅनिश आलेहान्द्रो, फ्रेंच अलेक्सांद्र, युक्रेनियन ओलेक्सान्द्र, हंगेरियन शान्दोर ही त्याची रूपे होत. स्कॉटलंडमध्ये ११०७ ते १२८६ या काळात या नावाचे तीन राजे झाले; गेलिक रूप अलास्देर, त्यावरून इंग्रजी अ‍ॅलिस्टर. रशियन लाडके नाव ‘साशा’ हे ‘अलेक्साशा’चे संक्षिप्त रूप आहे. अरबीत आरंभीचे ‘अल्’ उपपद समजले गेले आणि ‘क्स’चा ‘स्क’ होऊन ‘इस्कंदर’ हे रूप झाले. फार्सीतून आलेले मराठीतील ‘सिकंदर’ याच परंपरेतले. अल्बेनियाचा वीर स्कंदरबेग याचे नाव तुर्कीतून, याच वाटेने यूरोपात परतले.