चेडवर्थ रोमन व्हिला

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांमध्ये असलेले रोमन काळातील ग्रामीण वाड्याचे अवशेष. कोल्न नदीकडे उतरणाऱ्या पूर्वाभिमुख खोऱ्याच्या माथ्यावर, दाट झाडीत ही वास्तू वसलेली आहे. रोमन व्हिला म्हणजे धन्याचे घर आणि त्याला लागून असलेली शेतीवाडी. चेडवर्थच्या धन्याचे नाव कुठल्याही शिलालेखात आलेले नाही. मात्र तो चांगलाच मातबर असणार. रोमन ब्रिटनमधले लंडनखालोखाल मोठे शहर कोरिनियम, म्हणजे आजचे सायरेन्सेस्टर, येथून सुमारे १२-१३ किलोमीटरवर आहे आणि फॉस वे हा रोमन हमरस्ताही जवळूनच जातो. शहराच्या आसपास अशा श्रीमंत वाड्यांची दाटीच होती.

अवशेष १८६४ मध्ये उजेडात आले. एका शिकारराखणदाराचे फेरेट (बिळातून ससे हुसकावण्यासाठी पाळलेला मुंगसासारखा प्राणी) बिळात अडकले, ते काढताना मोझेइकचे, म्हणजे रंगीत खड्यांच्या नक्षीदार फरशीचे, चौकोनी खडे हाती लागले, अशी कथा सांगतात. ती कितपत खरी हा भाग निराळा. जमीन लॉर्ड एल्डनची होती. त्याचे नातलग जेम्स फॅरर यांनी उत्खनन केले, भिंतींवर पावसापासून बचावासाठी छोटी छपरे बसवली गेली आणि अवशेषांच्या ऐन मध्यभागी एक बंगली व संग्रहालय उभे राहिले. प्राचीन अंगणात शिरलेली ही व्हिक्टोरियन इमारत आजही डोळ्यांना खटकते. पण त्याहून मोठे नुकसान झाले ते घाईच्या खोदकामाने. मातीचे थर न नोंदवताच उपसले गेले, आणि सर्वांत वरच्या थरांत वास्तूच्या शेवटच्या दिवसांचा पुरावा होता. १९२४ पासून हे स्थळ नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

दुसऱ्या शतकात येथे सुटी घरे होती. चौथ्या शतकात ती जोडून अंगणांभोवती पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे तीन सोपे झाले. भोजनगृहातील मोझेइकच्या कोपऱ्यांत चार ऋतूंच्या आकृती होत्या; त्यांतला शरद नष्ट झाला आहे. उरलेल्यांत हिवाळा सर्वांत बोलका आहे : डोक्यावर टोपी असलेला जाड झगा, एका हातात मारलेला ससा, दुसऱ्यात निष्पर्ण फांदी. हा झगा म्हणजे ‘बिर्रस ब्रिटॅनिकस’ असे मानतात. सम्राट डायोक्लिशनच्या ३०१ सालच्या कमाल किमतींच्या फर्मानात त्याची नोंद आहे, म्हणजे ब्रिटनचे हे वस्त्र साम्राज्यभर विकले जात होते. भोजनगृहाची जमीन खांबांवर उचललेली असून खालून भट्टीची गरम हवा खेळवली जाई. स्नानगृहे दोन होती, एक वाफेचे आणि एक कोरड्या उष्णतेचे.

हे सारे ज्याच्यावर उभे होते तो झरा वायव्य कोपऱ्यात आहे आणि अजून वाहतो. त्याचे पाणी एका अष्टकोनी कुंडात घेतले होते; तेथे जलदेवतेची पूजा होत असावी. याच कुंडाच्या दगडावर पुढे कोणीतरी ची-ऱ्हो ही ख्रिस्ती खूण कोरली. कुंड आणि परिसरातील वेदी पाहून हे घर नव्हे, तीर्थस्थान असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचवले होते. ते मत आता मागे पडले आहे.

चेडवर्थचे नाव अलीकडे गाजले ते उत्तर सोप्यातील २८ क्रमांकाच्या खोलीमुळे. नवी आडवी भिंत घालून ही खोली तयार केली होती आणि तिचे मोझेइक त्या भिंतीला धरूनच घातलेले होते. भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाड सापडले. त्यांचे वय ठरवणारी रेडिओकार्बन चाचणी झाली आणि २०२० च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर झाला : भिंत ४२४ पूर्वीची असू शकत नाही, म्हणजे मोझेइकही त्यानंतरचेच. रोमची सत्ता ब्रिटनमधून ४१० च्या सुमारास संपली होती, नवी नाणी येणे थांबले होते, मोठ्या कुंभारभट्ट्या बंद पडत होत्या. अशा काळात कोणीतरी घराची नवी वाटणी करून फरशीवर वर्तुळे, फुले आणि गाठींची नक्षी घालून घेत होते. काम चौथ्या शतकाइतके सफाईदार नाही, त्यात चुकाही आहेत. तरी कारागीर मिळत होते आणि त्यांना मजुरी देण्याची धन्याची ऐपत होती, एवढे नक्की.

यामुळे रोमन सत्तेबरोबरच ब्रिटनमधले नागर जीवनही एकदम कोसळले, हे चित्र निदान या भागापुरते तरी बदलावे लागते. पूर्वेकडील सखल प्रदेशांच्या मानाने पश्चिमेकडे सॅक्सन या जर्मनिक टोळ्यांची सत्ता उशिरा पोहोचली, हे कारण त्यामागे असू शकते. ब्रिटनमधील बहुतेक मोझेइकांचा काळ केवळ शैलीवरून ठरवलेला आहे आणि पाचवे शतक त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. त्यामुळे ओबडधोबड म्हणून चौथ्या शतकाच्या शेवटी टाकलेल्या काही फरशा प्रत्यक्षात कधीच्या, हा प्रश्न आता इतर व्हिलांबाबतही खुला झाला आहे.