दुसऱ्या कॅन्सरची मोजदाद: पार्श्वभूमी

एकाच माणसाला दोन वेगवेगळे कॅन्सर होऊ शकतात, हे एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. वाद होता तो दुसरी गाठ स्वतंत्र कधी मानायची याचा. व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांच्या अटी कडक होत्या: सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठींची रचना वेगळी हवी, जागा वेगळी हवी आणि प्रत्येकीचा स्वतःचा फैलावही दिसायला हवा. ही शेवटची अट पुरी व्हायची म्हणजे रोग दोन्हीकडून हाताबाहेर गेलेला असायला हवा! १९३२ साली शील्ड्स वॉरेन आणि ऑलिव्ह गेट्स यांनी ती वगळली. दोन्ही गाठी निःसंशय कॅन्सरच्या, एकमेकींपासून वेगळ्या, आणि एक दुसरीतून पसरलेली नाही याची खात्री, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

त्यांनी तोवर छापून आलेली हजाराहून अधिक उदाहरणं जमवली आणि असे रुग्ण योगायोगाच्या हिशेबापेक्षा जास्त आहेत, असं म्हटलं. पुढच्या दशकात उलट सूरही निघाला: एक कॅन्सर झालेल्याला दुसरा कमीच होतो. दोन टोकांचे निष्कर्ष निघू शकले, कारण आकडे रुग्णालयांच्या फायलींतून किंवा नियतकालिकांतून आलेले होते. नियतकालिकात दुर्मीळ तेच छापलं जातं आणि रुग्णालय सोडून गेलेल्याचं पुढे काय झालं, हे फाईल सांगत नाही.

खरी सोय झाली ती लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणीमुळे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याची नोंद १९३५ पासूनची, डेन्मार्कची १९४३ पासूनची. इथे राज्यातला किंवा देशातला प्रत्येक रुग्ण वर्षानुवर्षं नजरेखाली राहत होता. पद्धत तशी साधी. पहिल्या निदानानंतर प्रत्येक जण जितकी वर्षं जगला ती वय, लिंग आणि कालखंडानुसार मांडायची, त्यांना सर्वसाधारण लोकसंख्येतला कॅन्सरचा दर लावायचा आणि किती कॅन्सर ‘अपेक्षित’ होते ते काढायचं. प्रत्यक्ष संख्येला या अपेक्षित संख्येने भागलं की गुणोत्तर मिळतं. या दोन नोंदण्यांवरचा मोठा संयुक्त अहवाल १९८५ मध्ये आला. अमेरिकेच्या ‘सीअर’ नोंदणीतल्या १९७३ ते २००० या काळातल्या वीस लाखांहून अधिक रुग्णांचा अहवाल २००६ चा. त्यात दुसऱ्या कॅन्सरचा एकूण धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा १४ टक्के जास्त निघाला.

ही सरासरी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. तिच्या पोटात काय काय दडलंय ते हॉजकिन्स लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरमध्ये, दिसतं. किरणोपचार आणि संयुक्त केमोथेरपीने हा रोग बरा होऊ लागला आणि मग वाचलेल्यांमध्येच आधी ल्युकेमिया, आणि दहा-पंधरा वर्षांनी घन गाठी (स्तनासारख्या अवयवांतले कॅन्सर) दिसू लागल्या. बालपणी हा आजार झालेल्या १,३८० जणांच्या १९९६ च्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरचं गुणोत्तर ७५ च्या आसपास, म्हणजे अपेक्षेच्या ७५ पट, होतं. आकडा धडकी भरवणारा आहे, पण तरुण वयात स्तनाचा कॅन्सर मुळात फार विरळ, म्हणजे भाजक अगदी लहान. म्हणून दर १०,००० व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस एक वर्ष नजरेखाली राहिला की एक व्यक्ती-वर्ष) किती कॅन्सर जादा झाले, हा दुसरा आकडा शेजारी लागतोच. तरीही या निष्कर्षांनी उपचार बदलले: किरणांचा डोस आणि क्षेत्र आटोक्यात आलं, ल्युकेमियाला कारण ठरणारी औषधं मागे पडली.

मग सगळा दोष उपचारांचाच का? सीअरच्याच आकड्यांवरून २०११ मध्ये केलेल्या अंदाजात, प्रौढ रुग्णांच्या दुसऱ्या घन कॅन्सरपैकी साधारण ८ टक्केच किरणोपचारांच्या खाती गेले. उरलेल्यांत तंबाखू, मद्य, आनुवंशिकता आणि निव्वळ वाढतं वय येतं. शिवाय बऱ्या झालेल्यांच्या तपासण्या वारंवार होतात, त्यामुळे एरवी उशिरा सापडल्या असत्या अशा गाठीही लवकर मोजल्या जातात. म्हणूनच पहिल्या निदानानंतरचे सुरुवातीचे काही महिने हिशेबातून वगळतात. उलट, स्थलांतर करून गेलेला माणूस नोंदीत ‘जिवंत आणि निरोगी’ राहिला तर धोका खोटाच कमी दिसतो. आणि पहिल्या कॅन्सरने दगावलेल्याला दुसरा होण्याची संधीच नसते. ही स्पर्धक जोखीम धरली नाही तर दुसऱ्या कॅन्सरची शक्यता फुगून येते.

२०२० मध्ये पंधरा लाखांवर अमेरिकी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जादा धोका पुरुषांत ११ टक्के, स्त्रियांत १० टक्के. आणि दुसऱ्या कॅन्सरमध्ये धूम्रपान आणि लठ्ठपणाशी जोडलेल्यांचा वाटा ठळक.