बायबलमध्ये डुक्कर मना आहे, मग सोरपोतेल कसं चालतं? ज्यूंचा धर्मनियम आणि ख्रिश्चनांचा जुना करार, दोन्ही एकच का?

दर डिसेंबरला कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरतोच. बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय डुक्कर खाऊ नका, मग वसईपासून वांद्र्यापर्यंत ईस्ट इंडियन कॅथलिक लोकांच्या लग्नात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, कसं काय वाढतात, आणि त्याखाली कोणीतरी टाकतंच की हे लोक स्वतःचंच पुस्तक वाचत नाहीत. मी मराठी प्रॉटेस्टंट घरातला, भायखळ्यात वाढलेला, त्यामुळे ग्रुपमध्ये उत्तर द्यायची ड्युटी आपोआप माझ्यावर येते. यावेळी म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू.

आधी उत्तर सांगून टाकतो. ख्रिश्चन माणसाला ज्यूंचा धर्मनियम पाळायची सक्ती नाही. हे फक्त चर्च म्हणतं असं नाही, ज्यू धर्मगुरूही तेच म्हणतात, फक्त दोघांची कारणं वेगळी आहेत. गोंधळ होतो तो दोन गोष्टी एकच समजल्यामुळे, एक ज्यूंचा धर्मनियम ज्याला ते हलाखा म्हणतात, आणि दुसरा ख्रिश्चनांच्या बायबलमधला जुना करार. मजकूर बराचसा तोच आहे, पण त्या मजकुराचं दोघांच्या घरात काम वेगळं आहे.

ज्यूंकडचं आधी बघू. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. परंपरेनं त्यात ६१३ आज्ञा मोजतात, २४८ "हे कर" आणि ३६५ "हे करू नको". आता गंमत अशी की हे ६१३च्या ६१३ आज कोणीच पाळत नाही, पाळूच शकत नाही, कारण त्यातल्या पुष्कळशा यरुशलेमच्या मंदिरातल्या यज्ञबलीच्या आणि याजकांच्या आहेत आणि ते मंदिर रोमन लोकांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं. म्हणजे फॉरवर्डवाला जेव्हा विचारतो की मग तुम्ही बकरे का अर्पण करत नाही, तेव्हा तो प्रश्न त्याने बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, शेजाऱ्यालाही विचारायला हरकत नाही.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, की ज्यूंचा नियम हा पुस्तकात लिहिलंय तेवढाच नसतो. तोंडी परंपरा साधारण इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना म्हणून संकलित झाली, त्यावर पुढे तालमूद हा चर्चेचा मोठा ग्रंथ झाला, सोळाव्या शतकात योसेफ कारो यांचा शुल्हान आरूख हा नियमसंग्रह आला, आणि रोजच्या जगण्यात चालतं ते हे सगळं मिळून. उदाहरण दूध आणि मटणाचं घ्या. पुस्तकात एकच ओळ आहे, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, ती तीन वेळा येते इतकंच. त्यावरून धर्मगुरूंनी सगळी व्यवस्था उभी केली, दूध आणि मांस एकत्र नाही, भांडी वेगळी, मटण खाल्ल्यावर दुधाचं काही घ्यायचं तर काही तास थांबायचं. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल घरात याचं रूप काय, तर मटण-चिकनच्या रश्श्याला नारळाचं दूध. दह्यात मटण मुरवायचा प्रश्नच नाही. मटण कोशर, म्हणजे धर्मनियमाने खाण्याजोगं, करायचं म्हणजे आधी अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, सगळं रक्त उतरलं पाहिजे, मग दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवायचं आणि त्यानंतर मसाला. हे मिठाचं गणित लेवीय पुस्तकात शोधलंत तर सापडणार नाही, तिथे फक्त रक्त खाऊ नका एवढंच आहे. त्यामुळे कोणी लेवीयचा अकरावा अध्याय, जिथे डुक्कर मना केलंय, मोबाईलवर उघडून म्हणत असेल की हा घ्या ज्यूंचा कायदा, तर त्याने अर्धाच घेतलाय.

त्याच अकराव्या अध्यायात माशांचं पण आहे. पर आणि खवले दोन्ही असतील तरच चालतो, म्हणून रावस चालेल पण कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकुल सगळं बाद. कोकण किनाऱ्यावर राहून हे पाळायचं म्हणजे सोपं नाही बघा! बेने इस्राएल लोकांत एक गोष्ट सांगतात, की दावीद रहाबी नावाचा माणूस बाहेरून आला, हे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, शनवार तेली, खरंच ज्यू आहेत का हे त्याला तपासायचं होतं, तर त्याने तिथल्या बायकांना वेगवेगळे मासे शिजवायला दिले आणि बायकांनी बिनखवल्याचे, बिनपराचे मासे बाजूला काढून ठेवले, म्हणाल्या हे आमच्यात खात नाहीत. गोष्ट किती खरी माहीत नाही पण त्यातून कळतं काय, की हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू नसताना, ताटातून, सुंतेतून आणि शनिवारच्या सुट्टीतून नियम टिकला होता.

आता मुद्दा, हे बंधन कोणावर? ज्यूंचं उत्तर सरळ आहे, ज्यूंवर. सीनाय डोंगरावर करार झाला तो इस्राएलच्या लोकांशी. बाकीच्या जगासाठी त्यांच्या परंपरेत नोहाचे सात नियम आहेत, मूर्तिपूजा नको, देवनिंदा नको, खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, जिवंत जनावराचं मांस तोडून खाऊ नको, आणि न्यायालयं असू देत. संपलं. शेजारच्या सोसायटीच्या बायलॉजमध्ये कुत्रा पाळायला बंदी असली म्हणून कोणी आपल्या घरातला कुत्रा बाहेर काढत नाही, तसंच. मॅथ्यूने डुक्कर खाल्लं म्हणून रब्बीचं काही बिघडत नाही.

ख्रिश्चनांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे कारण ते म्हणतात की ती सोसायटी आमचीही आहे. येशू स्वतः ज्यू, आठव्या दिवशी सुंता झालेली, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जाणारा, वल्हांडणाचा सण पाळणारा. पहिले शिष्यही ज्यूच, त्यामुळे सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला ग्रीक आणि रोमन लोक यायला लागले तेव्हा. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दहावा अध्याय वाचा, येशूचा शिष्य पेत्र यापो गावात दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थना करतोय, भूक लागलीये, आणि त्याला दिसतं की आकाशातून मोठ्या चादरीसारखं काहीतरी खाली येतंय आणि त्यात सगळे निषिद्ध प्राणी, आणि आवाज येतो मार आणि खा. पेत्र म्हणतो छे छे, आजपर्यंत असलं काही तोंडात घातलं नाही. तीन वेळा तेच. आणि तेवढ्यात खाली दारात माणसं उभी, कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीकडून आलेली. म्हणजे चादरीतले प्राणी हे निमित्त, खरा सवाल होता की परक्याच्या घरात शिरायचं का, त्याच्या पंगतीला बसायचं का. जात आणि पंगत हा विषय मुंबईत कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पेत्राला एवढं दिसूनही पुढे अंत्युखिया शहरात तो घसरलाच. परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, लोकांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून तिथल्या चर्चचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा गुपचूप पंगतीतून उठायला लागला, आणि प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर झापलं, हे पौलाने स्वतःच गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवलंय. मला हे आवडतं, की आपल्या मोठ्या माणसांचं भांडण त्यांनी धर्मग्रंथातून काढून टाकलं नाही.

शेवटी साधारण ४९च्या सुमारास यरुशलेमला बैठक झाली, कृत्ये पंधरावा अध्याय. एक बाजू म्हणाली सुंता केल्याशिवाय तारण नाही. पेत्र म्हणाला जे ओझं आपल्या बापजाद्यांना आणि आपल्याला झेपलं नाही ते यांच्या मानेवर कशाला. निर्णय दिला याकोबाने. ज्यू नसलेल्यांना सुंता नको, मोशेचा सगळा नियमही नको, फक्त चार गोष्टी टाळा, मूर्तींना वाहिलेलं अन्न, व्यभिचार, गळा दाबून मारलेलं जनावर आणि रक्त.

इथेच फॉरवर्डवाल्याने खरा अचूक प्रश्न विचारायला हवा होता, पण तो कोणी विचारत नाही. डुकराचं सोडा, रक्ताचं काय? जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलमध्ये डुकराचं रक्त घालतात, आणि रक्त तर नुसतं लेवीयमध्ये नाही, थेट नव्या करारातही मना केलंय! यावर चर्चमध्येच दोन मतं झाली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ती बंदी कायम ठेवली, ६९२ सालच्या त्रुल्लोच्या परिषदेने रक्त खाण्यावर परत नियम केला. पश्चिमेकडे संत ऑगस्टिन यांनी म्हटलं की तो निर्णय त्या काळापुरता होता, ज्यू आणि इतर लोक एका चर्चमध्ये एकत्र नांदावेत म्हणून, आता ती गरज उरली नाही. आपले ईस्ट इंडियन रोमन कॅथलिक, म्हणजे पश्चिमेच्या रांगेतले, त्यामुळे त्यांचं सोरपोतेल त्या हिशोबाने पास.

मग येशूच म्हणाला होता ना की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, पूर्ण करायला आलो? हो, मत्तय पाचवा अध्याय, आणि ही ओळ सोयीस्करपणे विसरणारे ख्रिश्चन पण आहेत. चर्चचं म्हणणं असं की पूर्ण झालं म्हणजे यज्ञ, याजक, शुद्ध-अशुद्ध हे सगळं ज्याच्याकडे बोट दाखवत होतं तो आला. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या माणसाने उलट टोक गाठलं, म्हणाला जुना करारच फेकून द्या, तो देवच वेगळा, तर रोमच्या चर्चने १४४ साली त्यालाच बाहेर काढलं. म्हणजे पाळायची सक्ती नाही पण टाकायचीही परवानगी नाही, ही मधली जागा चर्चने जाणूनबुजून निवडली.

या मधल्या जागेत नेमकं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, इथे माझं आणि आमच्या चर्चमधल्या काही मंडळींचं पटत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी नियमाचे तीन भाग नीट मांडले, नैतिक, विधीचे आणि न्यायव्यवस्थेचे. नैतिक भाग सगळ्यांना कायम, बाकीचे दोन संपले. पुढे प्रॉटेस्टंटांनीही हीच विभागणी उचलली. शिकवायला छान आहे. पण पुस्तक उघडलं की कळतं तिथे असे कप्पे केलेलेच नाहीत. लेवीय १९ घ्या. अठराव्या ओवीत "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर", जी येशूने दोन सर्वांत मोठ्या आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली. आणि लगेच खाली एकोणिसावी ओवी, दोन जातींच्या जनावरांचा संकर करू नको, शेतात दोन प्रकारचं बी मिसळून पेरू नको, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको. वरची ओळ चर्चच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते आणि खालची ओळ वाचणारा पाळक टेरिकॉटचा शर्ट घालून उभा असतो. पाळणारा ज्यू दोन्ही ओळी पाळतो, लोकर आणि लिनन एका कपड्यात येऊ देत नाही, त्याला निवड करायची वेळच येत नाही. ख्रिश्चनाला मात्र निवडावं लागतं, आणि ती निवड मजकुरातून नाही तर येशूकडून आणि प्रेषितांकडून मागे वळून वाचत केलेली असते, हे सरळ कबूल करावं, उगाच लेवीयमध्येच तसं लिहिलंय असं भासवू नये.

दहा आज्ञा तरी कॉमन ना, असं कोणी म्हणेल. मजकूर कॉमन, नंबर पण कॉमन नाहीत. वांद्र्याच्या कॅथलिकाला सहावी आज्ञा विचारा, तो म्हणेल व्यभिचार करू नको, मला विचाराल तर तीच माझी सातवी, कारण आमच्याकडे मूर्तीवाली आज्ञा वेगळी मोजतात. ज्यूंची तर पहिली आज्ञा म्हणजे "मी तुझा देव परमेश्वर आहे" हेच वाक्य. आणि शब्बाथ, ती आज्ञा दहात असूनही बहुतेक चर्चेस रविवारी भरतात, येशू उठला तो दिवस म्हणून. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोकांना हे मान्य नाही, ते शनिवारच पाळतात आणि डुक्करही खात नाहीत. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही डुक्कर नाही आणि मुलांची सुंता होते. तेव्हा सगळे ख्रिश्चन एकसारखे असंही नाही.

मुंबईत या दोन गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या त्याचा एक किस्सा आहे. मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ पासून बेने इस्राएलांचं सिनॅगॉग आहे, ते लोक त्याला मशीदच म्हणायचे, मस्जिद स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले, त्यांनी जुना करार मराठीत आणला, शाळा काढल्या, ज्यांच्या नावाचं चौपाटीवर कॉलेज आहे त्या जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. हेतू उघड होता, बेने इस्राएल मुलांनी वाचावं आणि ख्रिस्ताकडे यावं. मुलं शिकली, वाचायला लागली, आणि जास्त पक्के ज्यू झाली! धर्मांतर फार थोड्यांनी केलं. एकच मराठी मजकूर, मिशनरी त्यातून पुढच्या पुस्तकाकडे बोट दाखवत होते आणि वाचणारे त्यात आपला शब्बाथ आणि आपले सण ओळखत होते.

एक केस मात्र वरच्या सगळ्या उत्तरात बसत नाही, जन्माने ज्यू आणि विश्वासाने ख्रिश्चन असलेला माणूस. यरुशलेमच्या बैठकीतला निर्णय परराष्ट्रीयांसाठी होता, ज्यूंनी नियम सोडावा असं तिथे कोणी म्हणालं नाही. पौलाने आपला ग्रीक साथीदार तीत याची सुंता होऊ दिली नाही, पण दुसरा साथीदार तीमथ्य याची आई ज्यू म्हणून त्याची करवून घेतली, आणि स्वतः पुढे मंदिरात जाऊन शुद्धीचा विधी केला. हलाखाच्या दृष्टीने धर्म बदलला तरी ज्यू हा ज्यूच राहतो, म्हणजे नियमही सुटत नाही. पण पोलंडमधला एक ज्यू, ओस्वाल्ड रुफाईसेन, कॅथलिक संन्यासी ब्रदर डॅनियल झाला आणि ज्यू म्हणून इस्रायलचं नागरिकत्व मागायला गेला, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. धर्मनियमाने तुम्ही ज्यू असाल पण ज्यूंना नागरिकत्व देणारा इस्रायलचा कायदा सामान्य माणसाच्या भाषेत वाचायचा, आणि सामान्य माणूस चर्चमधल्या संन्याशाला ज्यू म्हणत नाही, असा कोर्टाचा रोख. पुढे त्यांना नागरिकत्व मिळालं, पण ज्यू म्हणून नाही, तिथे राहणारा परदेशी जसा अर्ज करतो तसा करून.