न फोडलेल्या द्राक्षाची वाईन

द्राक्षांचा डबा घट्ट झाकण लावून ओट्यावर विसरलाय कधी? दोन-तीन दिवसांनी उघडला की गोडसर, किंचित दारूसारखा वास येतो, द्राक्षं वरून अख्खीच दिसतात पण तोंडात टाकली की जीभ चुरचुरते. आपण "आंबली" म्हणतो आणि टाकून देतो. फ्रान्समध्ये लिऑन शहराच्या वरच्या अंगाला बोजोले म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे मात्र द्राक्षाच्या याच खोडीवर अख्खी वाईन उभी आहे, आणि ती सुद्धा दहा-बारा युरोत घरी आणता येईल अशी.

तिथल्या एका मळ्यावर मी तोडणीच्या दिवसांत गेले होते. आठ-दहा हेक्टरचा घरचा मळा, नवरा-बायको, मुलगा आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी आजी. आपल्या नाशिकसारखे तारांचे मांडव नाहीत, गुडघ्याएवढी बुटकी झुडपं, खाली गुलाबीसर ग्रॅनाइटची भुसभुशीत माती, आणि माणसं कंबरेत वाकून हाताने घड कापतायत. यंत्राने झटपट तोडता आले असते, पण यंत्र झाडाला हलवून मणी पाडतं आणि त्यात बरेच मणी फुटतात, आणि इथे तर मणी अख्खा राहण्यालाच सगळं महत्त्व.

एरवी रेड वाईन करताना द्राक्षं देठावरून काढून चिरडतात, मग रसात यीस्ट कामाला लागतं. इथे अख्खे घड देठासकट टाकीत ओततात. टाकी भरली की तळातले घड वरच्या वजनाने चेपतात, थोडा रस सुटतो, त्यात यीस्ट आंबवायला सुरुवात करतं आणि कार्बन डायऑक्साइड निघायला लागतो. हा वायू किती निघतो याचा अंदाज येत नाही पटकन, एक लिटर रस पूर्ण आंबला तर पन्नास लिटरच्या आसपास! हवेपेक्षा साधारण दीडपट जड, त्यामुळे तो तळापासून साचत वर येतो आणि हवेला टाकीबाहेर ढकलून देतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे ना, विझला तर उतरायचं नाही, तीच भीती इथेही आहे, टाकीत डोकं घालणं जिवावर बेतू शकतं.

आता खरी गंमत वरच्या अख्ख्या मण्यांमध्ये चालू होते. तोडलेलं द्राक्ष काही लगेच मरत नाही, त्याच्या पेशी श्वास घेत असतात. ऑक्सिजन संपला की त्या दुसरी वाट धरतात. आपण जोरात पळलो की स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो आणि ते लॅक्टिक ॲसिड करून वेळ निभावतात, द्राक्षाची पेशी साधारण तसंच करते, फक्त ती साखरेपासून अल्कोहोल करते. लक्षात घ्या, इथे यीस्टचा संबंध नाही, सालीच्या आत, द्राक्षाच्या स्वतःच्या एन्झाइम्सनी हे होतं. अल्कोहोल साधारण दोन टक्क्यांपर्यंत गेलं की पेशींना ते सोसत नाही, त्या मरतात, मणी मऊ पडून फुटतो आणि उरलेली साखर यीस्टच्या ताब्यात जाते.

पण मरायच्या आधी पेशी बरंच काही करून ठेवते. कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं मॅलिक ॲसिड निम्म्याच्या आसपास खर्च होतं, म्हणून वाईन मवाळ लागते. काही सुगंधी रेणू वाढतात, त्यातलं एथिल सिनॅमेट स्ट्रॉबेरीसारखं आणि बेंझाल्डिहाइड चेरीच्या बीसारखं वास देतं. आजीने टाकीतून एक मणी काढून नखाने चिरून दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. इथल्या गामे द्राक्षाचं पूर्ण नावच "गामे न्वार आ ज्यू ब्लाँ", म्हणजे काळं गामे, पांढऱ्या रसाचं. साल काळी, गर फिक्कट. पण चार दिवस टाकीत राहिलेल्या त्या मण्याचा गर गुलाबी झाला होता, सालीतला रंग बाहेर न सांडता आतल्या आत उतरला होता. तोंडात टाकला तर सोडा प्यायल्यासारखा चुरचुरला.

हे कोडं पाश्चरच्याही नजरेला आलं होतं, १८७२ मध्ये त्याने नोंदवलं की कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेल्या द्राक्षांची चव हवेतल्या द्राक्षांपेक्षा वेगळी होते. पुढे १९३४ च्या सुमारास मिशेल फ्लांझी या फ्रेंच वाईन-संशोधकाने त्याची रीतसर पद्धत बसवली. आणि बोजोलेतच वाईनचा व्यापार करणारे रसायनशास्त्रज्ञ ज्यूल शोवे यांनी आयुष्यभर यावर काम केलं, आज कमीत कमी रसायनं वापरून वाईन करणारे लोक त्यांचंच नाव घेतात.

टाकीत चार ते दहा दिवस, मग सगळं दाबयंत्रात. इतर ठिकाणी आपोआप गळालेला रस चांगला आणि दाबून काढलेला दुय्यम मानतात, इथे उलट, कारण सगळा सुगंध त्या मण्यांच्या पोटात असतो. दाबल्यावर येणारा हा गोड, अर्धवट आंबलेला रस म्हणजे "पारादी", स्वर्ग! ग्लासभर मिळाला मला, कोमट, फेसाळ, रास्पबेरीच्या सरबतासारखा. मला विचाराल तर पूर्ण झालेल्या वाईनपेक्षा तोच जास्त आवडला.

मग एवढी हाताची मेहनत असून स्वस्त कशी? एक तर नव्या ओकच्या पिंपांचा खर्च नाही, २२५ लिटरचं एक पिंप कित्येकशे युरोला पडतं. वर्षानुवर्षं तळघरात पैसा अडकून पडत नाही. आणि तिसरं म्हणजे नाव. १३९५ मध्ये बर्गंडीच्या फिलिप द बोल्ड या ड्यूकने गामे वाईट आणि बेइमान झाड आहे म्हणत उपटून टाकायचा हुकूम काढला, तो शिक्का आजवर पुसला नाही. मात्र १९९९ मध्ये अमेरिकेतल्या द्राक्ष-संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तर निघालं काय, गामे हे पिनो आणि गुए ब्लाँ या दोन जातींचं लेकरू, आणि पांढऱ्या वाईनसाठी जगभर मिरवणारं शार्डने द्राक्ष त्याचं सख्खं भावंड! नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या "नुव्हो", म्हणजे त्याच वर्षीच्या नव्या वाईनमुळे भागाचं नाव जगभर झालं पण "बोजोले म्हणजे केळ्याच्या वासाची हलकी वाईन" हा समजही पक्का झाला. बोजोलेतल्याच मोर्गों किंवा मूलाँ-आ-व्हाँ या भागांची बाटली प्यायलेला माणूस असं म्हणणार नाही, ती चार-पाच वर्षं सहज टिकते.

एक गोष्ट मात्र नक्की करा, बाटली उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गार केल्यावर टॅनिनचा तुरटपणा जास्त बोचतो म्हणून बहुतेक रेड वाईन गार पीत नाहीत. टॅनिन साल-बियांमधून निघायला अल्कोहोल आणि वेळ दोन्ही लागतात, आणि या टाकीत दोन्ही थोडेच मिळतात. म्हणून तेरा-चौदा डिग्रीला ही वाईन तोंडाला ओढ बसवत नाही, उलट ती स्ट्रॉबेरी अजून स्वच्छ कळते. त्या मळ्यावर तर दुपारच्या जेवणाआधी बाटल्या विहिरीच्या पाण्यातच ठेवलेल्या होत्या.