संगणकीय अ‍ॅनिमेशन (चित्रपटातील)

संगणकावर चित्रे किंवा त्रिमितीय आकृत्या घडवून त्यांना हालचाल देण्याचे तंत्र. मराठीत यासाठी ‘सचेतनीकरण’ असा शब्द आहे, पण काम करणारे सगळे ‘अ‍ॅनिमेशन’च म्हणतात, नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे स्थिर चित्रांनी, धावतो. दीड तासाच्या अ‍ॅनिमेशनपटाला त्या हिशेबाने 1,29,600 चौकटी लागतात आणि त्यांतली एकही कॅमेऱ्यासमोर आयती घडत नाही. गवताचे पाते, भिंतीवरची सावली, डोळ्यातली चमक, सगळे कुणीतरी ठरवून घातलेले असते.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. इथला चित्रपट चित्रकारांच्या हातून जन्मला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर राजवाड्याची खोली दिसली पाहिजे, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी स्वदेशी कॅमेऱ्याचा ध्यास सोडला नाही आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आली. तिच्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. याच कंपनीत घडलेल्या दामले-फत्तेलाल यांनी पुढे पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये ‘संत तुकाराम’ (1936) केला. त्यातले गरुडावरून वैकुंठाला जाणारे तुकोबा हा संगणकापूर्वीच्या कारागिरीचा नमुना आहे. त्याच्याही आधी, 1915 च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेका चौकटीगणिक सरकवून त्या चालत्या केल्या होत्या. अ‍ॅनिमेशनचे मूळ गणित तेच: थोडे हलवा, चौकट टिपा, पुन्हा हलवा.

संगणक या गणितात आला तो प्रयोगशाळेतून. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ ही संगणकप्रणाली केली आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने थेट रेघ ओढता येऊ लागली. 1972 मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी एक हात संगणकात उतरवला. कॅटमलने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढून त्यावर बहुकोनांच्या रेषा आखल्या, त्यांचे बिंदू मोजून संगणकाला दिले आणि बोटे मिटता-उघडता आली. तोच हात 1976 च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’ या चित्रपटात दिसला. पुढची मजल वेगाने गेली: ‘ट्रॉन’ (1982), मग ‘टर्मिनेटर 2’ (1991) मधला पाऱ्यासारखा वितळणारा माणूस.

‘ज्युरासिक पार्क’ (1993) पाशी मात्र थांबायला हवे. त्यात संगणकावर केलेले डायनोसॉर जेमतेम सहा मिनिटे दिसतात. बाकीचे यांत्रिक बाहुले आहेत. बाहुल्या एकेक चौकट हलवणारे फिल टिपेट यांना आधी या कामासाठी घेतले होते. संगणकाची चाचणी पाहिल्यावर आपला धंदा बुडाला असे त्यांना वाटले. पण प्राणी वजन कसे टाकतो, मान कधी वळवतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून सांध्यांत संवेदक बसवलेला धातूचा सांगाडा तयार केला गेला. बाहुली हलवणारे तो हाताने हलवत आणि तीच हालचाल संगणकात जाई. हातातली कला टाकून न देता यंत्राला जोडून घेतली, हे मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1995 मध्ये, ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यात पात्रे खेळण्यांची होती, कारण प्लॅस्टिक तेव्हाच्या संगणकाला जमत होते. माणसाची कातडी आणि केस जमत नव्हते.

काम कसे चालते ते पाहण्यासाठी शड्डू ठोकणारा पैलवान घेऊ. आधी त्याचे शरीर त्रिमितीत घडवायचे, ते मॉडेलिंग. मग कातडीखाली हाडे-सांधे बसवायचे, ते रिगिंग. त्यानंतर अ‍ॅनिमेटर मुख्य ठेवणी ठरवतो: हात वर, तळवा मांडीवर, हात परत. मधल्या चौकटी संगणक भरतो, पण त्याच्यावर सोडले तर हात पाण्यात फिरवल्यासारखा एकाच वेगाने खाली येतो. खरा शड्डू तसा नसतो. हात वर क्षणभर रेंगाळतो, खाली येताना दोन-तीन चौकटींत संपतो, आणि आवाज झाल्यावर मांडीचे मांस थरथरत राहते. ती थरथर हाताच्या मागून यावी लागते. बरोबरच आली तर पैलवान रबराचा वाटतो. मातीचेही तसेच. कुस्तीच्या हौद्यातली माती ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळलेली असते. ती रस्त्यावरच्या धुळीसारखी उडत नाही, अंगाला चिकटते, ढेकळाने सुटते. कणांचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, करणारा पोरगा तालमीत गेला असेल तर त्याला हे सांगावे लागत नाही.

हालचाल जमली की प्रकाश आणि रेंडरिंग. प्रकाश कुठून येतो, कशावर आदळतो, याचा हिशेब करून संगणक प्रत्येक चौकट रंगवतो. एका चौकटीला कित्येक तासही लागतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे चमकते ते पृष्ठभागावरून, माणसाची कातडी मात्र प्रकाश थोडा आत मुरवून परत देते. कानाची पाळी उन्हात लालसर दिसते ती त्यामुळेच. या मुरण्याचे व्यवहारात वापरता येईल असे गणित 2001 मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी पडद्यावर आलेल्या, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटमालिकेतल्या गोलम या पात्राच्या कातडीत ते कामी आले. गोलमची हालचाल अँडी सर्किस या नटाची होती. नटाची हालचाल टिपून पात्राला देण्याच्या या पद्धतीला मोशन कॅप्चर म्हणतात.

भारतात सर्वाधिक वापर दिसतो तो अ‍ॅनिमेशनपटांत नव्हे, नटांना घेऊन केलेल्या चित्रपटांत. 2015 च्या ‘बाहुबली’तला धबधबा आणि माहिष्मती सगळ्यांना आठवतात. मराठी ऐतिहासिक चित्रपटात काम जास्त गुपचूप चालते. गडावर चित्रीकरण झाले तर मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा, लोखंडी कठडे पुसायचे. पन्नास मावळ्यांचे पाचशे करायचे. पडलेला बुरूज उभा करायचा. असे काम नीट झाले तर प्रेक्षकाला ते झाल्याचे कळतही नाही, आणि म्हणूनच श्रेयनामावलीत शेवटी धावून जाणाऱ्या त्या नावांकडे लक्ष द्यायला हवे.

साधने आता महाग राहिलेली नाहीत. ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त आहे; त्यावर केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या अ‍ॅनिमेशनपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळाले. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याच्या संगणकावरही तेच सॉफ्टवेअर चालते. त्याची पहिली पायरी मात्र अजून कागदावर असते: प्रसंग चौकटी-चौकटींनी हाताने रेखाटणे, म्हणजे स्टोरीबोर्ड.